पट्टी अरुंद आहे

ओळी तुटतायत त्या कागदामुळे.
गॅलीप्रूफची जादा प्रत, चार बोटं रुंद,
मागची बाजू कोरी निघाली म्हणून वापरतो.
हिला कुणी कविता म्हणू नये.

बेचाळीस वर्षं परीक्षणं लिहिली.
मला बघून कवींनी रस्ते ओलांडले,
एकाने तर लकडी पुलावर सायकल वळवली
आणि उलट डेक्कनला गेला,
सासरा शनिवारात वाट बघत असताना.
अभिमानाने नाही सांगत. नोंद.

परवा लोखंडे म्हणून जुना विद्यार्थी
प्रदर्शनाला घेऊन गेला.
रिक्षा त्याची, म्हणून गेलो.
भिंतीवर एक पोतं.
पोतंच. ताणून, खिळे मारून, चौकटीत.
खाली चिठ्ठी: शीर्षक नाही.
किंमत मात्र होती.
मी म्हणालो, आमच्या वाण्याकडे हेच
आत गहू घालून स्वस्त मिळतं.
लोखंडे हसला. चित्रकार हसला नाही.
त्याची दाढी चांगली होती,
तिच्यात मेहनत दिसत होती.

मग दारावरचा पहारेकरी बाकावरून उठून आला.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
भोकाकडे बोट करून म्हणाला,
हे हमालाच्या आकड्याचं. दोनदा मारलाय,
पहिला निसटला. माल ओला होता, हा बघा डाग.
आणि ही शिवण बाईची,
गडी माणूस टाका असा उलटा घेत नाही.
भवानी पेठेत सतरा वर्षं
पाठीवर वाहिलीत असली.

संहितेला एवढं चिकटून
मी शेवटचं कधी वाचलं, आठवेना.
तरीही ते पोतंच.
रोज मत बदलायला मी काही सरकार नाही.

काल छापखान्यातून ही प्रूफं आली.
इंद्रजित खळदकर, राहणार कसबा पेठ, पहिलंच पुस्तक.
प्रस्तावना माझी हवी,
म्हणजे शिव्या हव्यात, त्याने खप होतो.
यमक नाही. विरामचिन्हं जणू रेशनवर.
पान एकोणीस: उंदीर, उंदीर, उंदीर,
पुढे कोरी जागा.
कोऱ्या जागेपुढे मी प्रश्नचिन्ह काढलं.
लाल शाई संपत आली होती.

पान सव्वीस.
    रिकाम्या घराला कुलूपं कशाला
'लू' ऱ्हस्व हवा. कुलुपं. शाळकरी पोर सांगेल.
पेनाचं टोक टेकवलं,
आणि डाव्या हाताची बोटं
आपापली चालायला लागली मांडीवर:
रि-का-म्या, घ-रा-ला,
य, य, य, य.
भुजंगप्रयात. अख्खा, शेपटीसकट.
'लू' ऱ्हस्व केला
की तिसऱ्या गणाशी साप मोडतो.

पोराला ठाऊक असेल?
मागची ओळ बघितली, पुढची बघितली,
दोघी खुशाल लंगडतायत.
आमच्यात सूट आहे,
वृत्तासाठी ऱ्हस्वाचा दीर्घ चालतो.
पण सूट मागून घ्यायची असते.
याने नकळत खिशात घातली.

वडील मला वृत्तं शिकवायचे
पर्वती चढताना.
लघूला एक पाऊल, गुरूला दोन,
चुकलं की खाली जाऊन पहिल्यापासून.
सहा वर्षांचा होतो.
धाप लागायची ती बरोबर यतीवर.
या पोराची धाप कुठली?
कुठल्या जिन्यावरची?

खाली छापखान्याचा पोऱ्या
सायकलची घंटा वाजवतोय, तिसऱ्यांदा.
'लू'च्या खाली मी तीन टिंबं दिली.
खिळे जुळवणाऱ्याला कळतं: राहू द्या.
उंदरांवरचं प्रश्नचिन्ह ठेवलंय.

प्रस्तावनेत यातलं काही येणार नाही.
तिथे कागद रुंद आहे.